दहा मेंढरं आणि तुराट्यांचं कुंपण: बालवाडीत येशूची गोष्ट सांगताना

प्रश्न थोडक्यात असा: अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातल्या एका गावात चर्चच्या आवारात बालवाडी आहे. अडीच ते साडेपाच वर्षांची २२ मुलं. त्यातली १३ ख्रिस्ती घरांतली, बाकीची नऊ बौद्ध आणि कुणबी, त्यांतच दोन कोरकू आदिवासी. रोज अर्धा तास ‘विश्वासाचा तास’ असतो. नाताळपर्यंत बायबलमधली दहा वचनं आणि प्रभूची प्रार्थना तोंडपाठ व्हावी, असं चर्चच्या पाळकसाहेबांचं (धर्मगुरूंचं) म्हणणं. मुलं पाच मिनिटांत उठून पळतात, दोघं तर रोज झोपतात. नव्याने लागलेल्या शिक्षिका विचारतात, माझं काय चुकतंय?

ताई, जी दोन लेकरं झोपतात ना, ती तुमच्या वर्गातली सगळ्यात समंजस लेकरं आहेत असं समजा. शेतावर जायच्या घाईत आईनं सकाळी उठवलं, अर्धी भाकर चारली आणि बालवाडीत आणून सोडलं. अशा पोराला साडेअकराला वचनं म्हणत बसवलं तर ते झोपेल नाही तर काय करील? पळणारी पोरंही बरोबरच आहेत. या वयाचं लेकरू एका गोष्टीवर मन लावून बसतं ते पाच-सात मिनिटं, हाताला काही काम असेल तर पंधरा. अर्धा तास ही आपली, मोठ्यांची सोय. म्हणून आधी तास पंधरा मिनिटांवर आणा आणि सकाळीच घ्या, डबा खाऊन डोळे जड व्हायच्या आधी.

बालवाडीत माझी सत्तावीस वर्षं गेली, पण त्यातली पहिली सहा-सात वर्षं मीही तेच केलं जे तुम्हाला करायला सांगितलं आहे. भिंतीवर तक्ता, हातात पट्टी, वचन म्हटलं की चॉकलेट. नाताळच्या कार्यक्रमात माझी पोरं धडाधड वचनं म्हणायची, मंडळी टाळ्या वाजवायची आणि मला दोन बोटं स्वर्ग उरायचा. मग एकदा बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणून दाखवणाऱ्या चार वर्षांच्या पोराला मी सहज विचारलं, “‘मला काही उणे पडणार नाही’ म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “ऊन, बाई. देव हाये तं आपल्याले ऊन नाई लागत.” वर्षभर तो “मला काही ऊन पडणार नाही” म्हणत होता आणि मला ते ऐकूच आलं नव्हतं. तसा तो अगदीच चुकला नव्हता. दिवसा सूर्याची बाधा होणार नाही असं १२१ व्या स्तोत्रात आहेच, आणि एप्रिल-मे मधल्या वऱ्हाडात याहून मोठं अभिवचन कोणतं असणार? पण तो अर्थ त्याचा त्यानं लावला होता, त्यात माझं काहीच नव्हतं. त्याच महिन्यात दुसरी एक पोरगी “देव प्रीती आहे” असं खणखणीत म्हणाली आणि खाली बसता बसता विचारती झाली, “प्रीती कोनाची पोरगी व्हय, बाई?” त्या दिवसापासून चॉकलेटचा डबा बंद झाला.

ही पाठांतराची सवय आली कुठून तेही बघा. १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी रविवारच्या शाळा सुरू केल्या त्या गरिबाघरच्या पोरांसाठी, ज्यांना आठवडाभर कामामुळे शाळेचं तोंड दिसत नव्हतं. वाचायला शिकायचं, प्रश्नोत्तरं पाठ करायची, चांगलं म्हटलं की बक्षीस. मोठ्या मुलांना ते चाललं. मिशनऱ्यांबरोबर तीच रीत आपल्या शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, आली, आणि आपण ती एकेक वर्ष खाली सरकवत अडीच वर्षांच्या लेकरापर्यंत आणून ठेवली. लहानांसाठी वेगळा विचार झालाच नाही असं नाही. रोममध्ये १९५४ पासून सोफिया कावाल्लेत्ती या बायबलच्या अभ्यासक आणि जिआन्ना गॉब्बी या मॉन्टेसरी शिक्षिका, दोघींनी मिळून लहान मुलांपुढे लाकडी, मातीच्या वस्तू ठेवून गोष्टी सांगून पाहिल्या. सहा वर्षांच्या आतली मुलं पुन्हा पुन्हा वळतात ती चांगल्या मेंढपाळाच्या गोष्टीकडे, असं त्यांना दिसलं. आणि रोमला जायचीही गरज नाही. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाड्यावरच्या लेकरांसाठी बिया, पानं, शिंपले यांतूनच शाळा उभी केली. ताराबाई लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत राहिल्या होत्या, म्हणून मला त्या थोड्या घरच्याच वाटतात. त्यांनी आवारातल्या वस्तूंनी भाषा आणि गणित शिकवलं, मी त्याच वस्तूंनी येशूची गोष्ट सांगते, एवढंच.

आता कामाचं. पोळ्याला मातीचे बैल करणारा कुंभार तुमच्याकडे असेलच. त्याच्याकडून मेंढरं करून घ्या. आमच्या कुंभारानं जन्मात मेंढरू केलं नव्हतं, त्यामुळे माझी मेंढरं म्हणजे शिंगं मोडलेले बैलच दिसतात. एकाही पोरानं कधी तक्रार केली नाही. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या वृत्तांतात, शंभर मेंढरं आहेत, मी दहाच ठेवते, कारण माझ्या पोरांचं मोजणं दहाला संपतं. हिरव्या जुन्या लुगड्याचा तुकडा म्हणजे कुरण. तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) वीतभर कापून, सुतळीनं बांधून केलेलं कुंपण म्हणजे वाडा. मेंढपाळ लाकडी, त्याच्या खांद्यावर मेंढरू बसेल एवढी खाच सुताराकडून पाडून घ्यायची. ही खाच फार महत्त्वाची आहे, का ते पुढे कळेल. सगळं एका दुरडीत, वर फडकं झाकून.

लेकरं सतरंजीवर गोल बसतात. मी खाली त्यांच्यासोबत, खुर्चीवर नाही. फडकं हळूच काढायचं. लुगड्याचा तुकडा अंथरताना काहीच बोलायचं नाही. या शांततेची सुरुवातीला आपल्यालाच भीती वाटते. लेकरांना वाटत नाही, ती हाताकडे बघत असतात. मग एकेक मेंढरू वाड्यात. एक, दोन, तीन... मोजायला सगळे सोबत येतात. दहावं ठेवलं की मी एक उचलून सतरंजीच्या टोकाला, एका दगडामागे नेऊन ठेवते. “संध्याकाळ झाली. मेंढपाळ मोजतो.” पुन्हा मोजायचं, नऊवर थांबायचं. इथे वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते. मेंढपाळ निघतो. मी त्याला सावकाश, अगदी सावकाश चालवते, वाटेत दोनदा थांबवते. मेंढरू सापडतं, खांद्यावर बसतं (ती खाच), परत येतो. “आणि तो म्हणाला, माझं हरवलेलं सापडलं, या, माझ्यासोबत आनंद करा.” संपलं. चार मिनिटंही लागत नाहीत.

यानंतर “म्हणजे येशू कोण? मेंढरू कोण?” असं विचारायचा मोह होईल. विचारू नका. मी फक्त म्हणते, “त्या मेंढराला काय वाटलं असेल बरं?” आणि गप्प बसते. एकदा एकानं विचारलं, “बाकीच्या नऊ मेंढरांपाशी कोन होतं, बाई?” हा प्रश्न मोठमोठ्या प्रवचनांत मी ऐकलेला नाही. मी उत्तर द्यायच्या आत शेजारचा म्हणाला, “कुत्रं असन न.” विषय मिटला. ज्याच्या घरी शेळ्या आहेत त्या पोराचं ज्ञान माझ्यापेक्षा जास्त आहे, हे मी तेव्हाच मान्य केलं.

हीच गोष्ट चार आठवडे सांगायची. रोज नवी नको. पहिल्या आठवड्यात तुम्ही हलवा, दुसऱ्यापासून मेंढरं त्यांच्या हातात द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखादं पोर मेंढपाळाला घेऊन एकटंच कोपऱ्यात बसेल आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटेल. तिथे जाऊ नका. पाठांतर, प्रार्थना, शिकवण, जे काही म्हणायचं ते सगळं तिथे चाललेलं असतं.

हिवाळ्यात सोयाबीन निघालं, शेतं मोकळी झाली की धनगरांचे कळप येतात. शेतकरी खतासाठी मेंढ्या शेतात बसवून घेतात. तुमच्या गावालगत कळप उतरला की लेकरांना घेऊन जा, पालकांना आधी सांगून. आम्ही गेलो तेव्हा त्या मेंढपाळबाबाला मी विचारलं, “दादा, एवढ्यात कोणतं आपलं ते कसं ओळखता?” तो हसला. “तुमी तुमची लेकरं कशी वळखता?” मेंढपाळ आपली मेंढरं ओळखतो असं सांगणाऱ्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायावर मला त्याहून चांगलं भाष्य मिळालेलं नाही. एक फरक मात्र लेकरांनीच दाखवला. योहानात मेंढपाळ मेंढरांच्या पुढे चालतो, इथे एक गडी पुढे होता आणि एक मागे. “मागचा कोन?” यावर परत येईपर्यंत रस्ताभर चर्चा झाली.

पेरणाऱ्याची गोष्ट जूनमध्ये घ्या, गावात सगळ्यांच्या तोंडी पेरणीच असते तेव्हा. पण एक अडचण आधी ओळखा. त्या गोष्टीतला माणूस मुठीनं बी फेकतो, काही वाटेवरही पडतं; आपल्याकडे पेरणी तिफणीनं, आता तर ट्रॅक्टरनं. एका कास्तकाराच्या पोरानं मला सरळ विचारलं, “वाटेवर कोन पेरते, बाई? येडा होता का थो?” त्याच्या दृष्टीनं बियाण्याचा भाव माहीत असलेला माणूस असं करणारच नाही. म्हणून आता मी आधी अंगणात मुठीनं बी फेकून दाखवते, मग गोष्ट. तीन ताटं घ्या: एकात तुडवलेली वाटेची माती, एकात मुरूम, एकात काळी माती. बी मेथीचं. सांबार (कोथिंबीर) घेऊ नका, त्याला उगवायला आठ-दहा दिवस लागतात आणि तोवर लेकरं ताटच विसरतात. मेथी तीन-चार दिवसांत डोकं वर काढते. अर्थ सांगायचा नाही. उगवलेलं दिसतंय, तेवढं बस्स.

देवानं जग केलं ते उत्पत्तीचे सात दिवस तक्त्यावर शिकवायच्या भानगडीत मी पडत नाही. आपण मोर्शी-वरुडच्या संत्र्याच्या पट्ट्यात राहतो. आंबिया बहाराचं एक संत्रं प्रत्येकाच्या हातात द्या. आधी वास. मग साल. मग फोडी मोजायच्या, कुणाच्या दहा निघतात, कुणाच्या अकरा. फोडीच्या आत पुन्हा रसाच्या छोट्या छोट्या पिशव्या, एवढ्याशा. “हे कोणी भरलं असेल?” एवढंच विचारायचं. एक पोर म्हणालं होतं, “माह्या आज्यानं.” आजोबांची बाग होती. मी म्हटलं, आजोबांनी पाणी दिलं, खत दिलं, खरंच. आणि पुढे काही बोलले नाही. ते पोर त्या फोडीकडे बराच वेळ बघत बसलं.

प्रभूची प्रार्थना शिकवायची आहे ना? ती शिकवावी लागत नाही. तुम्ही रोज डब्याच्या आधी शांतपणे म्हणा, ज्यांना यायचं ती मागे येतील. सगळ्यात आधी पक्की होते ती ‘आमची रोजची भाकर’ ही ओळ. मराठीत ती भाकर झाली हे आपलं नशीब. विदर्भातल्या लेकराला भाकर समजावून सांगावी लागत नाही. येशूनं पाच भाकरींत हजारोंना जेवू घातलं, त्या गोष्टीच्या दिवशी मी ज्वारीचं पीठ मळून प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा देते. योहानाच्या सहाव्या अध्यायात त्या जवाच्या आहेत, पण आपल्या चुलीला ज्वारीच बरी. थापून थापून काहींची भाकर होते, काहींचा नुसता चिखल. गोष्टीत एक मुलगा आपल्याजवळच्या भाकरी आणि मासे देऊन टाकतो, तेव्हा हमखास एक प्रश्न येतो: “थे लेकरू उपाशी राह्यलं का मंग?” याचं उत्तर त्याच अध्यायात आहे, बारा टोपल्या उरल्या. ते ऐकून लेकरांचा जीव खरोखर भांड्यात पडताना मी पाहिला आहे.

आता ज्या गोष्टींनी मला रात्री झोप लागली नाही, त्या.

क्रूसाचं चित्र. माझ्या हातून घडलेली चूक आहे म्हणून सांगते. एका उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आधी मी वर्गात मोठं रंगीत चित्र लावलं, रक्त, खिळे, सगळं स्पष्ट. वाटलं, त्यांना येशूचं प्रेम कळेल. एक चार वर्षांची पोरगी दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आईनं सांगितलं, रात्री उठून हात झाकते. मी घरी गेले तर तिनं हात पाठीमागे लपवले आणि विचारलं, “माह्या हातातही ठोकतीन का?” ते चित्र मी त्याच दिवशी काढलं. आता मी वर्गात कोरा लाकडी क्रूस ठेवते, हातभर. सांगते एवढंच: काही लोकांनी येशूला मारलं, तो मेला, त्याची माणसं खूप रडली, आणि तिसऱ्या दिवशी देवानं त्याला उठवलं, तो जिवंत आहे. हे सगळं एकाच बैठकीत. शुक्रवारची गोष्ट सांगून लेकरांना घरी पाठवून रविवारची वाट बघायची नाही. इस्टर, म्हणजे तो रविवार, होळीनंतर कधी आठवड्याभरानं येतो, कधी महिन्यानं. तुमची ती दोन कोरकू लेकरं होळीला मेळघाटात आपल्या गावी गेलेली असतील. अर्धी गोष्ट घेऊन गेलेलं लेकरू ती अर्धीच सांभाळतं.

नोहाचं तारू, म्हणजे महापुरातून नोहाचं घर आणि प्राणी वाचवणारी नाव, सगळ्यांना लहान मुलांचं वाटतं, प्राण्यांमुळे. मला वाटत नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात मोवाड गाव वाहून गेलं, दोनशेच्या वर माणसं गेली. इथून फार लांब नाही. आमच्या वर्गातल्या एका पोराच्या आजीनं ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि तिच्या नातवानं तारवाच्या गोष्टीत विचारलं, “बाकीची लेकरं कुठी गेली?” मी तारू आता पहिली-दुसरीसाठी ठेवलं आहे. प्राणी पाहिजेत तर प्राणी घ्या, पूर नको.

“येशू बघतोय, तो शिक्षा करील” हे वाक्य वर्गात कोणी वापरत असेल, सेविकाताई असो की तुम्ही स्वतः, तर आजच बंद करा. लेकरं गप्प बसतात, खरं आहे. पण देव म्हणजे भिंतीवरचा कॅमेरा, हे जे डोक्यात बसतं ते निघायला चाळीस वर्षं लागतात. माझ्या पिढीतल्या बायकांना विचारा.

देवाला ‘बाप’ म्हणण्याबद्दल थोडं सांभाळून. प्रार्थनेत तो शब्द आहे, तो काढायचा नाही. पण ज्या पोराचा बाप रोज संध्याकाळी पिऊन येतो, त्याला ‘देव बापासारखा’ म्हटल्यावर त्याचा चेहरा बघा. म्हणून मी सुरुवात बापापासून करत नाही, मेंढपाळापासून करते, आणि मग कोंबडीकडे येते. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू स्वतःच म्हणतो, कोंबडी पिलं पंखाखाली घेते तसं मला करायचं होतं. कोंबडी आपल्या प्रत्येक अंगणात आहे. घार आली की ती काय करते हे लेकरांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत.

आणि ज्याचा बाप गेलाच आहे ते पोर. आपल्या भागात असं घर प्रत्येक गावात आहे, कारण सांगायची गरज नाही. एका लेकराला शेजारणीनं धीर द्यायला म्हटलं होतं, “देवाला तुझा बाप आवडला, म्हणून नेला.” तो पंधरा दिवस प्रार्थनेला हात जोडेना. शेवटी म्हणाला, “मी चांगला राह्यलो तं मलेही नेईन.” मी त्याला मांडीवर घेतलं आणि एवढंच म्हटलं की देवानं नाही नेलं, बाबांना खूप त्रास झाला होता, आणि देवालाही वाईट वाटलं. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला, हे मी त्याला सांगितलं. “मोठा असून?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, हो, मोठा असून. याहून जास्त काही सांगायला जाऊ नका, आपल्याकडेच ते नसतं.

बिगरख्रिस्ती घरांतल्या नऊ मुलांचा विषय तुम्ही प्रश्नात नुसता उल्लेखून सोडला आहे, पण तो आधी मार्गी लावा. राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शैक्षणिक संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत अशा तासाला बसायची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. तुमची बालवाडी कोणत्या प्रकारात बसते ते संस्थेला विचारा, पण संमती कोणत्याही परिस्थितीत घ्या, मराठीत, लेखी, आणि पालकांना वाचून दाखवून. अंगणवाडीत कोणी हा तास घ्यायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. आम्ही हा तास सकाळी पहिलाच ठेवतो. ज्यांना नको त्यांची लेकरं पंधरा मिनिटं उशिरा येतात किंवा सेविकाताईंबरोबर मागे झाडांना पाणी घालतात. आणि ते पाणी घालणं इतकं मजेचं करा की त्यांना बाहेर काढल्यासारखं वाटू नये. (आमच्याकडे ख्रिस्ती पोरंच तिकडे पळू लागली होती, ती वेगळी गोष्ट.) जी बसतात त्यांच्याकडून काही वदवून घ्यायचं नाही. एकदा प्रार्थनेनंतर सगळ्यांनी “आमेन” म्हटलं आणि एक बौद्ध घरातलं लेकरू तितक्याच मोठ्यानं “जय भीम” म्हणालं. घरी वंदनेनंतर तसंच म्हणतात. सेविकाताई दटावायला उठल्या, मी त्यांना हातानं थांबवलं. ज्या घरात ते लेकरू रात्री झोपतं, त्या घराबद्दल त्याच्या मनात खोट निर्माण करायचा आपल्याला काहीएक अधिकार नाही.

कोरकू लेकरांना घरी मराठी नसते. मेंढरू, पाणी, भाकर, हरवलं, सापडलं, या पाच शब्दांना त्यांच्या आईकडून कोरकू शब्द विचारून घ्या आणि गोष्टीत दोन्ही म्हणा. बाकीची पोरं ते शब्द आठवड्याभरात उचलतात आणि त्या दोघांची मान जरा ताठ होते.

गाण्यांबद्दल एकच सांगते. मोबाइलवर इंग्रजी गाणी लावून उड्या मारायला लावू नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) मराठी चर्चमध्ये अभंग, भजन, कीर्तन रुजवलं. आपल्याकडे टाळ आहे, ओवीची चाल आहे. दोन ओळी, तीन सूर, रोज त्याच.

नाताळला वर्गात गोठा करा. ‘गव्हाणीत ठेवले’ हे लूकाच्या शुभवर्तमानातलं वाक्य शहरातल्या शिक्षिकेला समजावून सांगावं लागतं, तुम्हाला नाही. शेजारच्या गोठ्यात नेऊन खरी गव्हाण दाखवा, कडब्यावर हात फिरवू द्या. बैल म्हणून माझी पोरं तान्ह्या पोळ्याचे (लेकरांच्या पोळ्याचे) चाकं लावलेले लाकडी नंदी आणतात. एका वडीलधाऱ्या सभासदांना ते रुचलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, लूकाच्या वृत्तांतात बैलाचं नाव नाहीच, गाढवाचंही नाही. ते चित्रकारांनी बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातून आणून उभे केलेत. तेव्हा बैल कुठला आणायचा हे लेकरांवर सोडा. आता ते स्वतः दरवर्षी गोठा बघायला येतात. स्टेजवर तीन मिनिटांच्या वर लेकरू उभं करू नका. रडलं तर खाली घ्या, मेंढरू रडलं म्हणून कार्यक्रम बिघडत नाही.

राहता राहिले पाळकसाहेब. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना बोलवा. “साहेब, एक दिवस पंधरा मिनिटं सतरंजीवर बसा, पण काही बोलू नका.” माझ्याकडे ज्यांना बोलावलं ते गुडघ्यांची तक्रार करत बसले होते. मेंढपाळ निघाला तेव्हा पुढे झुकले आणि सापडलं तेव्हा त्यांच्याच तोंडून “हां!” निघालं. उठताना म्हणाले, दहा नको, महिन्याला एक वचन चालेल. एक वचन महिन्याला, तेही हातवाऱ्यांसह, वस्तूसह, चार-पाच शब्दांचं, अर्थ विचारल्यावर लेकराला स्वतःच्या भाषेत काहीतरी सांगता येईल असं. नाताळपर्यंत पाच-सहा होतील. नोव्हेंबरात कापसाचा वेचा सुरू झाला की अर्धा वर्ग धुऱ्यावर आईसोबत असतो, तेव्हा नवं काही सुरू करू नका, जुनंच फिरवा.

कुंभाराकडे जाल तेव्हा मेंढरं दहा नका सांगू, पंधरा सांगा. पाच महिन्यांत दोन फुटतील, आणि एक-दोन खिशातून घरी जातील. माझं एक चौथ्या दिवशी परत आलं होतं. आणून देणारी म्हणाली, “आमच्या घरी आलं होतं, बाई. जेवलं, अन् माह्यापाशी निजलं.”